व्हीपीएस की डेडिकेटेड सर्व्हर

वेबसाइट ठेवायला अख्खं मशीन एकट्याने भाड्याने घेतलं तर तो डेडिकेटेड सर्व्हर, आणि एका मोठ्या मशीनचे सॉफ्टवेअरने भाग पाडून त्यातला एक घेतला, ज्यात रूटचा, म्हणजे पूर्ण अधिकार असलेल्या खात्याचा ताबा आपल्याकडे असतो, तो व्हीपीएस म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर. लॉगिन केल्यावर दोन्हीकडे तोच काळा पडदा दिसतो आणि त्याच कमांड चालतात, त्यामुळे लोक फक्त रॅम आणि कोअरचे आकडे बघून निवड करतात. खरा प्रश्न मात्र हा की त्या मशीनमधलं काय काय आपण दुसऱ्यांबरोबर वाटून घेतोय.

व्हीपीएसचं मूळ कुठलं यावर दोन मतं आहेत. एक मत मेनफ्रेमकडे, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या संगणकांकडे बोट दाखवतं : आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० आणि पुढे सीपी-६७ झालं, मग १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झालं, आणि एकाच मशीनवर बसलेल्या प्रत्येकाला आपलं स्वतंत्र मशीन मिळाल्यासारखं वाटायला लागलं. दुसरं मत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूचं, एकाच सिस्टीमचे कप्पे पाडण्याचं, म्हणजे १९७९ च्या सातव्या आवृत्तीतलं सीएचरूट, २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० मधलं जेल, त्याच सुमाराचे व्हर्चुओझो आणि लिनक्स-व्हीसर्व्हर, आणि २००५ चं ओपनव्हीझेड. कल्पना म्हणून पहिलं मत बरोबरच आहे. पण होस्टिंगच्या बाजारात साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून व्हीपीएस म्हणून जे विकलं जायला लागलं ते बरंचसं दुसऱ्या घराण्यातलं होतं, म्हणून इथे दुसऱ्या मताला झुकतं माप दिलंय.

असं का झालं याचं उत्तर प्रोसेसरमध्ये आहे. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये अट मांडली की मशीनच्या स्थितीला हात लावणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला दिलेला हुकूम, साध्या प्रोग्रॅमने चालवली तर अडकली पाहिजे, म्हणजे वरचा नियंत्रक, ज्याला हायपरव्हायझर म्हणतात, तिची दखल घेऊ शकतो. एक्स८६, म्हणजे बहुतेक पीसी आणि सर्व्हरमधल्या प्रोसेसरची घडण, ही अट पाळत नव्हतं. २००० मध्ये त्यातल्याच पेंटियमची छाननी झाली तेव्हा अट मोडणाऱ्या १७ इन्स्ट्रक्शन निघाल्या. त्यातली पॉपएफ बघा : आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं आपण इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारे इशारे) बंद केले, प्रोसेसर तो बदल गुपचूप सोडून देतो, कुठे एरर नाही की काही नाही, आणि हायपरव्हायझरला पत्ताच लागत नाही. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा इन्स्ट्रक्शन चालता चालता बदलून मार्ग काढला, केंब्रिज विद्यापीठातल्या झेन या हायपरव्हायझरने २००३ मध्ये आतली ऑपरेटिंग सिस्टीमच थोडी बदलायला लावली, २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय दिली आणि २००७ मध्ये लिनक्स २.६.२० बरोबर ती सोय वापरणारं केव्हीएम आलं. तोवर एकच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सगळ्यांत वाटणारा कंटेनर हाच हलका उपाय होता.

ही दोन घराणी आजही आहेत, म्हणून व्हीपीएस घेताना पहिला प्रश्न आत केव्हीएम आहे की कंटेनर हा विचारावा. कंटेनरमध्ये कर्नल तुमचा नसतो, त्यात मॉड्यूल म्हणजे जादा भाग टाकता येत नाही, आणि जुन्या ओपनव्हीझेडचं कर्नल २.६.३२ चं असल्याने ३.१० मागणारं डॉकर, म्हणजे ॲप कंटेनरमध्ये चालवायचं सॉफ्टवेअर, तिथे सहसा चालत नसे. तिथे रॅम मोकळी दिसत असतानाही डेटाबेस पडायचा, आणि कारण शोधायला यूझर-बीनकाउंटर्स नावाची फाइल उघडून शेवटचा फेलकाउंटचा, म्हणजे नाकारलेल्या मागण्यांचा रकाना बघावा लागायचा.

केव्हीएमवर शेजाऱ्याचा त्रास वेगळ्या जागी दिसतो. टॉप कमांड चालवा, सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी म्हणजे स्टील. तुमचा व्हर्च्युअल सीपीयू काम करायला तयार होता पण खरा सीपीयू तेव्हा दुसऱ्याला दिलेला होता, तो वेळ इथे मोजला जातो. हा आकडा गर्दीच्या वेळी रोज दहा टक्क्यांच्या वर जात असेल तर कोड कितीही सुधारला तरी साइट अडखळणारच, मग दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या मोठ्या मशीनवर हलवून मागा, नाहीतर डेडिकेटेड कोअरचा व्हीपीएस घ्या. आणि एसटी शून्याजवळ असून साइट हळू असेल तर दोष डेटाबेसच्या क्वेरीत किंवा इंडेक्समध्ये शोधा, डेडिकेटेड घेऊन तो जात नाही. डिस्कची वाटणी अशी सरळ दिसत नाही, डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) चढलेला दिसतो पण भार आपला की शेजाऱ्याचा हे आतून कळणं अवघड. मोठा डेटाबेस सतत लिहीत असेल, तर डेडिकेटेड घ्यायचं सगळ्यात सबळ कारण हेच.

सुरक्षेच्या अंगाने, २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या तेव्हा एकच प्रोसेसर वाटून घेण्याची जोखीम सगळ्यांना कळली. बहुतेक साइटना मात्र जुनाट प्लगइनचा धोका त्याहून जवळचा आहे.

डेडिकेटेडमध्ये शेजारी नसतो तशी बिघाड झाकून घेणारी यंत्रणाही नसते. सॉफ्टवेअर रेडवर, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर ठेवणाऱ्या मांडणीत, एक डिस्क गेली तरी साइट चालू राहते, फक्त रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये दोन यू असतात तिथे एक यू आणि एक रेघ उरते, आणि ती रेघ कोणी बघितली नाही तर दुसरी डिस्क जाईपर्यंत सगळं छान वाटतं. म्हणून कंपनी देखभाल करत नाही असं डेडिकेटेड घेताना मॉनिटरिंग पहिल्या दिवशी लावावं, रेडला बॅकअप समजू नये. वाढवायचं झालं तर व्हीपीएस बहुधा एका रीबूटमध्ये मोठा होतो. डेडिकेटेडला सहसा नवं मशीन, डेटाची कॉपी, आणि त्याच्या एक-दोन दिवस आधीच डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणून ठेवणं आलं.