दाबोळी की मोपा? तिकीट काढण्याआधी हे वाचा

गोव्याचं तिकीट शोधायला गेलं की हल्ली दोन नोंदी पुढे येतात. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. पहिला वास्कोच्या अलीकडे, मुरगाव तालुक्यात. दुसरा पार उत्तरेला, पेडण्यात. चुकून भलत्या विमानतळावर पोहोचलात तर दुसरा गाठायला तासाभराहून जास्त वेळ जातो, आणि तोवर चेक-इन बंद झालेलं असतं. पण अंतर हा वरवरचा फरक. खरा फरक मालकीत आहे. दाबोळीची धावपट्टी नौदलाची. प्रवासी विमानं तिथे भाडेकरू. मोपा मात्र पहिल्या दिवसापासून नागरी.

दाबोळी बांधला पोर्तुगीजांनी, १९५०च्या दशकात. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली होती, तेव्हा बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवायला त्यांना हा विमानतळ हवा होता. १८ डिसेंबर १९६१ला पुण्याहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. टर्मिनल आणि कंट्रोल टॉवर मात्र मुद्दाम वाचवले. पुढे ते आपल्यालाच लागणार होते! त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं त्या उखडलेल्या धावपट्टीवरून उडाली आणि कराचीला निसटली. हा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, पण त्या वैमानिकांची हिंमत मानावी लागेल.

१९६२मध्ये ही जागा नौदलाकडे आली. ‘आयएनएस हंसा’ हा तळ १९६१ला कोईमतूरजवळ सुलूरला सुरू झाला होता, तो १९६४मध्ये इथे हलला. म्हणजे हंसा आणि दाबोळी ही एकाच जागेची दोन नावं आहेत, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. २०१६पर्यंत इथून सी हॅरियर ही लढाऊ विमानं उडायची, आता मिग-२९के लढाऊ विमानं आणि समुद्रावर टेहळणी करणारी पी-८आय उडतात.

दाबोळीवर विमानवाहू जहाजाच्या डेकसारखी सोयही आहे. एका टोकाला वर चढत जाणारा उतार, त्याला स्की-जंप म्हणतात. विमान त्यावरून धावत जातं आणि टोकाशी हवेत फेकल्यासारखं उडतं. उतरताना शेपटीखालचा हूक जमिनीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकतो आणि विमान थोड्याच अंतरात थांबतं. तेजसच्या नौदल आवृत्तीने २०१४मध्ये पहिली स्की-जंप झेप इथेच घेतली, आणि २०१९मध्ये तारेत अडकून उतरण्याची पहिली कसोटीही इथेच दिली. विक्रांत-विक्रमादित्य या विमानवाहू जहाजांवर जाण्याआधी वैमानिकांचा हात इथेच बसतो.

प्रवाशांना गैरसोय होते ती इथे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक ही वेळ नौदलाच्या सरावासाठी राखलेली, त्यात प्रवासी उड्डाणं जवळपास नसतात. एअर ट्रॅफिक कंट्रोल नौदलाकडे. तळाच्या बाजूचे फोटो काढायला बंदी. लोक चिडतात, पण घर नौदलाचं असेल तर वेळापत्रकही त्यांचंच चालणार.

मोपाची गोष्ट थोडक्यात संपते. ११ डिसेंबर २०२२ला उद्घाटन, नाव मनोहर पर्रीकरांचं, चालवते जीएमआर कंपनी, नियमित विमानसेवा ५ जानेवारी २०२३पासून. लष्करी बंधन नसल्यामुळे चोवीस तास उड्डाणं. ओमान एअर, कतार एअरवेजसारख्या कंपन्या दाबोळी सोडून इकडे आल्या, आणि दक्षिण गोव्यात दाबोळी बंद पडेल अशी धास्ती बसली. नागरी वाहतुकीचं पुढे काय होईल ते होवो. नौदलाचा तळ मात्र त्यावर अवलंबून नाही.

तेव्हा सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, हरमल, मोरजी असेल तर मोपा घ्या. मडगाव, कोळवा, काणकोण असेल तर दाबोळी. पणजीकरांनी मात्र आधी विमानाची वेळ बघावी, मग अंतर.