व्हेरिएबल दोन क्लासमध्ये वापरायचं तर स्टॅटिक हवंच का?

‘दुसऱ्या क्लासला व्हेरिएबल हवं असेल तर ते पब्लिक स्टॅटिक करा’ हा सल्ला जावा शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षं मिळतो. प्रोग्रॅम चालतो, म्हणून तो बरोबर वाटतो. पण स्टॅटिक केलेलं व्हेरिएबल ऑब्जेक्टचं (क्लासच्या साच्यावरून बनवलेल्या एकेका वस्तूचं) राहत नाही, क्लासचं होतं. खात्याच्या क्लासमध्ये शिल्लक स्टॅटिक ठेवून दोन खाती बनवा. एकात 500 भरले की दुसऱ्यातही 500 दिसतील. शिवाय पब्लिक असल्याने ती किंमत कुठूनही बदलता येते, आणि कोणी बदलली हे शोधणं फार जिकिरीचं होतं.

त्यापेक्षा सामायिक माहितीचा वेगळा क्लास करा, व्हेरिएबल प्रायव्हेट ठेवा, वाचायला-बदलायला मेथड द्या. त्याचा ऑब्जेक्ट एकदाच बनवून दोन्ही क्लासच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडला) तोच द्या. दुसऱ्या क्लासमध्ये पुन्हा ‘न्यू’ लिहिलंत तर वेगळाच, कोरा ऑब्जेक्ट मिळेल. ही चूक सर्रास होते. नुसता इंट (पूर्णांक) पाठवूनही भागत नाही, कारण त्याची फक्त प्रत जाते.

अनेक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एकच आकडा वाढवत असतील तर दोन्ही पद्धतींत वाढ हरवू शकते. तिथे अ‍ॅटॉमिकइंटिजर (प्रत्येक वाढ अखंडपणे पूर्ण करणारा जावाचा तयार क्लास) वापरा. कधीच न बदलणाऱ्या किमतींसाठी मात्र स्टॅटिक फायनल अगदी योग्य.