बाळाची बेंबी फुगलीये? ते रुपयाचं नाणं आधी बाजूला ठेवा

नाळ पडल्यावर थोड्या दिवसांनी काही बाळांची बेंबी वर यायला लागते, रडलं की टम्म फुगते आणि झोपलं की परत आत, बोटाने हलकं दाबलं तर गुडगुड आवाज करत आत जाते, आणि हे बघून नवीन आईबाबांची झोपच उडते. यालाच बेंबीचा हर्निया म्हणतात. मग घरात कोणी म्हणतं नाळ नीट कापली नाही, कोणी म्हणतं बाळाला फार रडू दिलं म्हणून झालं. दोन्ही चूक आहे.

पोटात असताना नाळेतल्या रक्तवाहिन्या बाळाच्या पोटाच्या भिंतीतल्या एका गोल भोकातून आत जातात. जन्मानंतर ते भोक आपोआप आवळत जातं, पण काही बाळांमध्ये, खासकरून दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांमध्ये, त्याला वेळ लागतो. तोवर रडताना किंवा शी करताना पोटात दाब आला की आतड्याचा छोटा भाग तिथून बाहेर डोकावतो. म्हणजे रडण्याने हर्निया होत नाही, आधीच असलेला दिसतो एवढंच, त्यामुळे आईला बोल लावणं कृपया बंद करा.

आता उपचार. पहिला आणि बहुतेक बाळांसाठी एकमेव उपचार म्हणजे वाट बघणं! सुरुवातीचे काही महिने फुगवटा वाढलेला दिसू शकतो, तरी १० पैकी ८-९ बाळांचं भोक ४-५ वर्षांपर्यंत आपोआप बंद होतं. डॉक्टर फुगवट्यापेक्षा आतलं भोक केवढं आहे ते बोटाने तपासतात. बाहेरून भलामोठा दिसणारा फुगवटा छोट्याशा भोकातून आलेला असू शकतो, आणि १ सेंटीमीटरपेक्षा लहान भोक बंद व्हायची शक्यता खूप चांगली असते, दीड-दोन सेंटीमीटरच्या वर गेलं की कमी होत जाते.

नाणं फडक्यात गुंडाळून बेंबीवर बांधायचा उपाय आजी मायेनेच सांगते, पण त्याखाली घाम साचतो, कातडी लाल होते, सोलवटते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. जपानमध्ये काही डॉक्टर कापूस आणि चिकटपट्टीने बेंबी दाबून ठेवतात, पण ते त्यांच्या देखरेखीखाली चालतं, घरी नाणं आणि पट्टा बांधणं म्हणजे ते नव्हे.

४-५ वर्षांनंतरही भोक राहिलं किंवा खूपच मोठं असलं तर ऑपरेशन करतात. पूर्ण भूल देऊन बेंबीखाली छोटा अर्धगोल छेद घेतात, बाहेर आलेलं आत ढकलतात आणि भोक टाके घालून बंद करतात, मोठ्यांमध्ये जाळी बसवतात तशी मुलांना सहसा लागत नाही. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. बेंबी छान दिसावी म्हणून वर्षाच्या बाळाचं ऑपरेशन करायची घाई मला पटत नाही, जे आपोआप बरं होणार आहे त्यासाठी भूल कशाला द्यायची?

पण फुगवटा कडक झाला, आत जाईना, लाल-निळा पडला, बाळ कळवळून रडतंय, हिरवी उलटी होतेय, तर आतडं अडकलेलं असू शकतं. हे क्वचित होतं, पण झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा, तोवर दाबून आत घालायचा प्रयत्न करू नका आणि दूधही पाजू नका.

बेंबी फुगलेलं बाळ फार सुस्त असेल, शी कडक होत असेल, कावीळ लांबली असेल तर थायरॉईडची तपासणी झालीये का हे डॉक्टरांना जरूर विचारा, जन्मजात थायरॉईड कमी असलेल्या बाळांतही हा हर्निया दिसतो आणि थायरॉईडचं औषध वेळेत सुरू होणं मेंदूसाठी फार गरजेचं आहे.

आणि फुगवटा बेंबीवर नसून जांघेत असेल तर वरचं वाट बघायचं सगळं विसरा. जांघेतला हर्निया आपोआप बंद होत नाही, लहान बाळांत तो अडकायचा धोकाही बराच जास्त असतो, म्हणून त्याचं ऑपरेशन लवकर करावं लागतं आणि तो दिसल्यावर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबायचं नसतं.