सुंबा बेटावरची जमीन: थडग्यांची साक्ष आणि कागदाचा हक्क

इंडोनेशियाच्या सुंबा बेटावर, नैर्ऋत्य किनाऱ्याला नदी समुद्रास मिळते त्या जागी रातेंगारो नावाचे गाव आहे. ‘राते’ म्हणजे थडगे आणि ‘गारो’ हे तिथले पूर्वीचे रहिवासी. कोडी लोकांनी गारोंना लढाईत हरवून ही जागा घेतली, असे गावात सांगतात. म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांचे नाव गावाला राहिले आणि ज्यांनी ती घेतली त्यांची दगडी थडगी घरांसमोर उभी राहिली. सुंबात जमिनीचा दस्तऐवज म्हणून शतकानुशतके हेच चालत आले: कोणाचे पूर्वज कुठे पुरले आहेत, आणि त्यांची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवणारा कोण आहे. आज किनाऱ्यालगतच्या जमिनीवरून जे तंटे होतात त्यांचे मूळ शोधायचे, तर ही तोंडी व्यवस्था आणि तिच्यावर मागाहून आलेली कागदाची व्यवस्था यांच्यामधल्या फटीत पाहावे लागते.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 11,000 चौरस किलोमीटर, म्हणजे बालीच्या जवळजवळ दुप्पट. पूर्व नुसा तेंगारा प्रांतातल्या या बेटाचे 2007 पासून चार जिल्हे आहेत. पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च पडतो. उरलेले महिने, विशेषतः पूर्वेकडे, पिवळ्या गवताच्या टेकड्यांचे. जुनी गावे बहुधा टेकड्यांच्या माथ्यावर, दगडी गडग्यांच्या आत वसलेली आढळतात. त्यामागे शेजारच्या टोळीशी असलेले वैर होते, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गुलाम पकडायला समुद्रावरून येणाऱ्या टोळ्यांची धास्तीही. किनारा म्हणजे खारी, उघडी, धोक्याची जागा. घोडे-म्हशी चारायला आणि वर्षातून एकदा विधी करायला ती ठीक. घर बांधायला नव्हे. जी जमीन खुद्द गावाने मागे टाकली, तीच पुढे परदेशी खरेदीदाराला सर्वांत मोलाची वाटली, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मग गावाची संपत्ती होती कशात? म्हशी, घोडे, डुकरे, इकत पद्धतीने विणलेली वस्त्रे आणि ‘मामुली’ नावाचे सोन्याचे दागिने. लग्नात वराकडून वधूच्या घरी घोडे-म्हशी जातात, मयताला म्हशी कापल्या जातात, आणि थडग्याचा दगड ओढून आणणाऱ्या माणसांना दिवसचे दिवस जेवू घालावे लागते. कुटुंबाची पत या देण्याघेण्यावर ठरते. घराची रचनाही याच हिशोबाची आहे. चार मुख्य खांबांवर उभ्या असलेल्या घरात खाली जनावरे, मधल्या मजल्यावर चुलीभोवती माणसे, आणि गवताने शाकारलेल्या उंच, निमुळत्या शिखरात पूर्वजांच्या जपून ठेवलेल्या वस्तू. तो वरचा भाग ‘मारापू’चा, म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांचा. जमीन एकेका माणसाची नव्हे, तर कुळीची. पश्चिमेला कुळीला ‘काबिसू’ म्हणतात आणि पूर्वेला ‘काबिहू’. वारसा बापाकडून मुलाकडे जातो. पूर्व सुंबात सरदार, सामान्य आणि दास अशी उतरंड होती, आणि दासांच्या वंशजांनी पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीवर शब्द मात्र सरदार घराण्याचाच चालत असे.

चंदन आणि घोडे यांमुळे बेटाचे नाव बाहेर पोचले होते. तरी डचांनी 1866 मध्ये पूर्वेकडच्या वाईंगापू बंदरात आपला अधिकारी बसवला, आणि आतल्या मुलखावर त्यांचा प्रत्यक्ष ताबा विसाव्या शतकाच्या आरंभी, लष्करी मोहिमांनंतरच आला. दरम्यान 1870 च्या कृषी कायद्याबरोबर एक तत्त्व आले होते: ज्या जमिनीवर कोणाला मालकी सिद्ध करता येत नाही ती सरकारची. आधी जावात आणि मग इतर बेटांवर लागू झालेल्या या तत्त्वाने पुराव्याचा भार नेमका त्यांच्यावर टाकला ज्यांच्याजवळ कागद कधी नव्हताच.

स्वतंत्र इंडोनेशियाने 24 सप्टेंबर 1960 रोजी मूलभूत कृषी कायदा करून ते तत्त्व मोडीत काढले. या कायद्याची परिभाषा मराठी माणसाला अनोळखी वाटू नये. पूर्ण मालकी म्हणजे ‘हक मिलिक’. आपले हक्क, मालक हे शब्द त्याच अरबी मुळांतले. ‘देसा’ म्हणजे गाव, तो संस्कृत देश. गावकीची सामाईक जमीन म्हणजे ‘उलायत’, आणि तिचे नाते आपल्या विलायतेशी लागते. पण शब्द ओळखीचे म्हणून कायदा सोपा ठरत नाही. उलायत हक्काला मान्यता दिली ती ‘तो प्रत्यक्षात अजून अस्तित्वात असेल आणि राष्ट्रहिताशी सुसंगत असेल तर’ अशा अटीवर. हक मिलिक मुळात इंडोनेशियन नागरिकापुरता आहे. परदेशी माणसाला वापराचा हक्क, ‘हक पाकाई’, मिळतो. कंपनीला बांधकामाचा हक्क मिळतो. 2021 च्या नियमांनुसार दोन्हींची मुदत 30 वर्षे, त्यावर 20 वर्षांची वाढ आणि आणखी 30 वर्षांचे नूतनीकरण अशी असते. स्थानिक माणसाच्या नावावर बेनामी खरेदी करण्याची वाट अनेकांनी धरली आहे. कलम 26 मात्र स्पष्ट आहे: असा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. ‘स्वस्त किनारा’ म्हणून जाहिराती वाचणाऱ्याने आधी हे एक कलम वाचावे.

किनाऱ्याला भाव आला तो 1980 च्या दशकानंतर. पश्चिम सुंबातल्या निहिवातू किनाऱ्यावर सर्फिंगसाठी आलेल्या एका जोडप्याने उभारलेले छोटे विश्रामस्थान 2012 मध्ये नव्या मालकाकडे गेले, आणि 2016 व 2017 मध्ये एका नामांकित अमेरिकी प्रवासमासिकाच्या वाचकांनी त्याला जगातले सर्वोत्तम हॉटेल ठरवले. त्या सुमारास आसपासच्या जमिनीची विचारणा वाढली. याआधी, 1990 च्या दशकातही, काही कंपन्यांनी किनारपट्ट्या घेऊन नुसत्या पडीक ठेवल्या होत्या. कुंपण नाही, बांधकाम नाही. गावाची गुरे तिथे चरतच राहिली. एप्रिल 2018 मध्ये मारोसी किनाऱ्यावर अशाच एका जमिनीची पोलीस बंदोबस्तात मोजणी सुरू झाली, गावकरी अडवायला गेले, आणि गोळीबारात एक शेतकरी मारला गेला. विक्री खरेच झाली होती का, कोणी केली, कुळीतल्या इतरांना विचारले होते का, हे प्रश्न वीस-पंचवीस वर्षांनी मोजणीच्या फितीसमोर येऊन उभे राहिले.

अशा वादांत 1997 च्या नोंदणी नियमांतली एक तरतूद फार जड ठरते. सद्भावनेने घेतलेल्या आणि प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या जमिनीचे सर्टिफिकेट निघाल्यापासून पाच वर्षांत कोणी लेखी हरकत घेतली नाही वा दावा लावला नाही, तर पुढे दावा सांगता येत नाही. जिल्ह्याच्या कार्यालयात कोणता कागद निघाला याची टेकडीवरच्या गावाला पाच वर्षांत खबर लागेलच असे कायदा धरून चालतो. 2017 पासून सरकारने गावेच्या गावे एकदम नोंदवण्याची मोहीम चालवली आहे. तिने फायदा निश्चित होतो, पण सर्टिफिकेटवर नाव कोणाचे, कुळीचे की तिच्या प्रमुखाचे, हा जुना प्रश्न ती सोडवत नाही.

कागदाचा अभाव जमिनीपुरता नव्हता. मारापूंची उपासना हा मान्यताप्राप्त धर्म नसल्याने त्या रीतीने लागलेली लग्ने नोंदवताना आणि मुलांचे जन्मदाखले काढताना अडचणी येत. नोव्हेंबर 2017 मध्ये घटनात्मक न्यायालयाने ओळखपत्रावर पारंपरिक श्रद्धेची नोंद करण्याचा हक्क मान्य केला; त्या अर्जदारांत सुंबातला एक मारापू अनुयायीही होता. वारस म्हणून नाव लावताना याच दाखल्यांची गरज पडते.

राहणीमानाचे चित्र हळूहळू बदलते आहे. 2010 मध्ये बेटावर जेमतेम चौथ्या हिश्श्याला वीज होती, आणि त्याच सुमारास अपारंपरिक ऊर्जेवर बेट चालवण्याचा कार्यक्रम आखला गेला. 2014 च्या ग्राम कायद्यानंतर केंद्राचा निधी गावाच्या खात्यात येऊ लागला. मलेरिया अजून आहे, आणि माथ्यावरच्या घरांत पाणी खालून वाहून आणावे लागते. पावसाळ्याच्या तोंडाशी साठा संपून येणारी उपासमार इतकी नेमाची, की तिला ‘लापार बियासा’, म्हणजे नेहमीची भूक, म्हणतात. अशा महिन्यांत घरात मयत झाले आणि म्हशी आणायच्या असल्या, की किनाऱ्याकडच्या जमिनीला गिऱ्हाईक आहे ही गोष्ट आठवते.

त्याच किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘न्याले’ नावाचे समुद्री किडे येतात. ‘रातो’ म्हणजे पुजारी पहाटे पाण्यात उतरून ते पाहतात, त्यावरून पिकाचे भाकीत करतात, आणि मग ‘पासोला’, म्हणजे घोडेस्वारांची एकमेकांवर भाले फेकण्याची विधीची लढाई, सुरू होते. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून 100 मीटरचा पट्टा नियमाने राखीव असला, तरी तिथवर पोचायची वाट त्यामागच्या, आता ज्याच्या-त्याच्या सर्टिफिकेटातल्या, जमिनीतूनच जाते.