गोल्डसिनी रास

लॅब्रिडी म्हणजेच ‘रास’ माशांच्या कुलातील एक छोटा सागरी मासा. शास्त्रीय नाव टेनोलॅब्रस रुपेस्ट्रिस. कार्ल लिनियसने 1758 मध्ये त्याचे वर्णन केले. ‘रुपेस्ट्रिस’ म्हणजे खडकांत राहणारा. नाव अगदी चपखल आहे. नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंतचा अटलांटिक किनारा, भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र येथे तो आढळतो.

लांबी जास्तीत जास्त 18 सेंमी. रंग तपकिरी ते नारिंगी. नेमकी खूण शेपटीच्या देठाच्या वरच्या कडेला असते: एक ठळक काळा ठिपका. कॉर्कविंग रास या भाईबंदालाही देठावर असा ठिपका असतो, पण तो मधोमध.

या माशाचे सारे आयुष्य एखाद्या कपारीभोवती फिरते. धोका जाणवला की तो खडकाच्या फटीत शिरतो. थंडीत पाणी फार गार झाले की तिथेच जवळजवळ निपचित पडून राहतो. लहान कवचधारी आणि मृदुकाय प्राणी हे त्याचे खाद्य. विणीच्या हंगामात नर काही चौरस मीटरांचा आपला तुकडा राखतो आणि शेजारच्या नराला हुसकावून लावतो. कॉर्कविंगचा नर शेवाळाचे घरटे बांधतो. इथे मात्र नर-मादी जोडीने वर झेपावतात आणि अंडी पाण्यात सोडून देतात. ती तरंगत जातात. एवढासा मासा पंधरा वर्षांहून अधिक जगू शकतो, हे मुद्दाम लक्षात ठेवावे असे.

1980च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत दिसून आले की, मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यातल्या सॅमन माशांच्या अंगावरील उवा हा मासा टिपून खातो. (या उवा म्हणजे परजीवी कवचधारी प्राणी.) औषधाविना उवा कमी करण्याची ही युक्ती स्कॉटलंडमध्येही रुजली. पण थंड पाण्यात तो सुस्तावतो, म्हणून अशा पाण्यात लंपफिश हा दुसरा मासा वापरतात. शिवाय पिंजऱ्यात सोडलेल्या रास माशांतले पुष्कळ मरतात आणि त्यांच्या जागी नवे आणावे लागतात. गोल्डसिनी मुख्यतः निसर्गातूनच, किनाऱ्यालगत सापळे लावून पकडला जातो. सावकाश वाढणाऱ्या, एकाच कपारीला धरून राहणाऱ्या माशाला ही पकड जड जाते. त्यामुळे नॉर्वेने पकडीवर कोटा आणि किमान लांबीची अट घातली असून विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवली जाते.