गेम जॅममधील अक्षरी रोगलाइक

अक्षरी रोगलाइक हा पाळीपाळीने खेळायचा भुयार-शोधाचा संगणकीय खेळ. त्यात चित्रे नसतात, सगळे अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवतात. '#' ही भिंत, टिंब ही जमीन आणि '@' म्हणजे स्वतः खेळाडू. भुयार प्रत्येक डावात नव्याने तयार होते. पात्र मेले की डाव संपला, साठवलेला जुना डाव पुन्हा उघडता येत नाही. ठरलेल्या मुदतीत खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवण्याच्या उपक्रमाला गेम जॅम म्हणतात. ही मुदत बहुधा ४८ तासांची किंवा आठवड्याची असते.

या प्रकाराला नाव मिळाले ते १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीवर केलेल्या 'रोग' या खेळावरून. मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी तो सुरू केला, केन अर्नोल्ड पुढे सामील झाले. टर्मिनलच्या, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणाऱ्या पडद्याच्या, ८० स्तंभ आणि २४ ओळींत हव्या त्या जागी अक्षर ठेवण्याची सोय अर्नोल्ड यांच्या 'कर्सेस' या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) दिली होती. राक्षस २६, कारण इंग्रजी मोठी अक्षरे २६. साधनांच्या मर्यादेतून खेळाचा नियम कसा जन्मतो याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पुढे 'हॅक' आणि १९८७ मध्ये 'नेटहॅक' आले. सात दिवसांत एक रोगलाइक पूर्ण करण्याचे वार्षिक आव्हान २००५ पासून चालते. त्याची मुदत १६८ तासांची.

चौकटीत विचार करण्याची ही रीत सोलापूरला नवी नाही. जकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागावर विणायच्या चादरीची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर घरे भरून काढत. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडत, आणि एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. प्रत्येक घरात प्रश्न एकच, उभा धागा वर की खाली. रोगलाइकचा नकाशाही संगणकाच्या स्मृतीत असाच असतो, ओळी आणि घरे. सोलापूरच्या पूर्व भागात घरात माग पाहत वाढलेल्या मुलाला द्विमिती सरणी (ओळी आणि स्तंभांत मांडलेली माहिती) वेगळी शिकवावी लागू नये.

गुहेसारखा नकाशा करण्याची एक सोपी रीत अशी. सुमारे ४५ टक्के घरांत यदृच्छेने भिंत भरायची. मग प्रत्येक घर आणि त्याच्या आठ शेजाऱ्यांत मिळून पाच किंवा अधिक भिंती असतील तर तेथे भिंत ठेवायची, नाहीतर जमीन. चार-पाच फेऱ्यांत गुहा दिसू लागते. मात्र काही कप्पे तुटलेले राहतात. म्हणून खेळाडूच्या घरापासून पाणी पसरावे तसे पसरत जाऊन, जेथे पोहोचता येत नाही ती घरे बुजवावी लागतात. हीच पसरण्याची युक्ती पाठलागालाही कामी येते. खेळाडूपासूनचे अंतर प्रत्येक घरात लिहून ठेवले की राक्षसाने फक्त लहान आकड्याकडे पाऊल टाकायचे. हिशोब दर पाळीला एकदाच होतो आणि तो सर्व राक्षसांना पुरतो.

स्थळ म्हणून सोलापूरचा भुईकोट किल्ला घेणे सोयीचे. दुहेरी तट आणि खंदक हाताने आखून कायम ठेवावेत, आतला भाग मात्र दर डावात बदलू द्यावा. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा हीही सुंदर कल्पना आहे, पण ६८ ठिकाणांना ६८ नियम देण्याचा मोह आठवड्याच्या जॅममध्ये पहिल्याच दिवशी आवरला पाहिजे. तीन मजले पुष्कळ झाले. पहिल्या रात्री '@' चालला पाहिजे, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत खेळ जिंकता व हरता आला पाहिजे. नंतर वाढते ती फक्त सजावट. 'रोग'मध्ये भूक खेळाडूला पुढे ढकलत राहते. येथे तिच्यावर उतारा म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यावी, दोन्ही खरोखरच दिवसेंदिवस टिकणारी शिदोरी.

मराठीत खेळ करताना खरी कसोटी संदेशांत लागते. इंग्रजीत वाक्याचा साचा एकच ठेवून राक्षसाचे नाव बदलले की भागते. मराठीत नाव बदलले की वाक्यही हलते. उंदीर 'उंदराला' होतो, विंचू 'विंचवाला', पाल 'पालीला'. साप मेला, घोरपड मेली, वटवाघूळ मेले. उचलण्याच्या क्रियेत तर वस्तूचे लिंग थेट क्रियापदावर उतरते: भाला उचलला, तलवार उचलली, चिलखत उचलले. म्हणून प्रत्येक नावापुढे सामान्यरूप आणि लिंग असे दोन रकाने आरंभीच ठेवावेत. 'विंचवाला मारले', 'पालीला मारले' अशा वाक्यांत 'ला' आल्यामुळे क्रियापद स्थिर राहते. लढाईचे संदेश या घडणीत बसवले तर बरेच श्रम वाचतात. 'उचलले: तलवार' अशी पळवाट काढणारे खेळ आहेत, पण वाचणाऱ्याला ते ताबडतोब परके वाटतात. अर्ध्या तासाच्या कामासाठी भाषा मोडू नये.

लिपीचा प्रश्न वेगळा. 'वि' हे दिसायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये 'व' आणि वेलांटी असे दोन संकेतांक. 'क्ष' मध्ये तर तीन. एका घरात एक संकेतांक असे मानणारा कोड येथे ओळ सरकवतो, आणि अनेक टर्मिनल जोडाक्षरे नीट जुळवत नाहीत. त्यामुळे नकाशावर सुटे व्यंजनच वापरावे: सापाला 'स', विंचवाला 'व', घोरपडीला 'घ'. देवनागरी फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी सारखी नसते, म्हणून ब्राउझरमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या घराच्या मध्यावर स्वतंत्र काढणे उत्तम. पूर्ण वाक्ये नकाशाखालच्या पट्टीत द्यावीत, तेथे जुळणी ब्राउझर करतो. सोलापुरात मराठीच्या बरोबरीने कन्नड आणि तेलुगू बोलली जाते, आणि त्या लिप्यांतही स्वरचिन्हांचे संकेतांक वेगळेच असतात. हा भाग एकदा नीट लिहिला की तिन्ही भाषांना चालतो. कळफलक देवनागरीत असेल तर चालण्याच्या अक्षर-कळा वेगळेच अक्षर पाठवतात. बाणांच्या कळांना ही अडचण नसते.

मृत्यूच्या पडद्यावर त्या डावाचा बीज-अंक, म्हणजे ज्या आकड्यापासून यदृच्छेची निवड सुरू होते तो, छापावा. तोच अंक दिला की, बाकी कोड तसाच असेल तर, तेच भुयार पुन्हा तयार होते. मग मित्राने सांगितलेली चूक शेवटच्या रात्रीही शोधता येते.