गुडघ्याची खाच आणि अस्थिबंधाचे माप

खो-खोत खांबाला वळसा घेताना किंवा कबड्डीत पकडीतून सुटताना पाय मातीत रुततो, धड फिरते आणि गुडघ्यात ‘खट्’ असा आवाज होतो. मराठवाड्यात अशा वेळी ‘शीर सरकली’ म्हणून आधी मालिशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे जाण्याची रीत अजून आहे. सूज काही दिवसांत उतरते, पण बांधावरून खाली उतरताना गुडघा निसटू लागतो. अनेकदा तुटलेला असतो तो एसीएल, म्हणजे गुडघ्यात फुलीसारख्या असलेल्या दोन अस्थिबंधांपैकी (हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांपैकी) पुढचा. तो नव्याने बांधताना नवा बंध किती जाड घ्यायचा, हे बरेचसे हाडांच्या घडणीवर अवलंबून असते.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोल उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच. एसीएल बाहेरच्या उंचवट्याच्या आतल्या भिंतीवरून निघतो, खाचेतून तिरका खाली-पुढे येतो आणि नडगीच्या हाडाच्या माथ्यावर रुजतो. लांबी साधारण ३ ते ४ सेंमी. मधोमध तो सडपातळ असतो आणि दोन्ही टोकांना झाडाच्या बुंध्यासारखा पसरतो. टोकाचे क्षेत्रफळ मधल्या छेदाच्या तिपटीहूनही जास्त भरते. म्हणून हाडावरची रुजण्याची जागा मोठी दिसली तरी तेवढाच जाड बंध खाचेत मावेल असे नाही.

खाचेच्या रुंदीला हाडाच्या त्या पातळीवरच्या एकूण रुंदीने भागले की एक गुणोत्तर मिळते. ते साधारण पाव भागाच्या आसपास असते. खाच अरुंद असेल तर आतला अस्थिबंधही बहुधा बारीक असतो, आणि अशा गुडघ्यात तो तुटण्याचे प्रमाण जास्त आढळते. नुसते हाड थोराड आहे म्हणून बंधही जाड असेल, हे मात्र खात्रीने सांगता येत नाही. एकाच उंचीच्या दोन खेळाडूंच्या खाचा वेगळ्या निघतात. त्यामुळे अंदाजावर विसंबू नये, एमआरआयवर मोजून पाहावे.

‘दुर्बिणीच्या ऑपरेशन’मध्ये नवा बंध बहुधा रुग्णाच्याच शरीरातून घेतात: मांडीच्या मागच्या-आतल्या बाजूच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), किंवा वाटीखालच्या कंडरेचा मधला, सुमारे १० मिमी रुंद पट्टा. मांडीची कंडरा काढली की बाजूच्या टेबलावर तिला चिकटलेले मांस खरवडतात, चार पदरी दुमडून टोके शिवतात आणि मापाच्या ठोकळ्यातल्या भोकांतून ओढून पाहतात. साडेसातच्या भोकात अडकली आणि आठच्या भोकातून घट्ट पण सरळ गेली, तर माप ८ मिमी. बंध बसवण्यासाठी हाडात बोगदा पाडतात, तोही त्याच मापाचा. ८ मिमीपेक्षा बारीक बंध पुन्हा तुटण्याची शक्यता अधिक, असा अनुभव आहे. बुटक्या, सडपातळ रुग्णांच्या कंडरा बहुधा बारीक निघतात. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा, आणि इथल्या चपळ, लहान चणीच्या मुलींच्या बाबतीत हे आधीच लक्षात घ्यायला हवे. तेव्हा पदर वाढवून पाच-सहा करता येतात किंवा दुसरी कंडरा निवडता येते.

पण जाड तेवढा चांगला, हेही खरे नाही. अरुंद खाचेत जाड बंध बसवला किंवा नडगीतला बोगदा फार पुढे पाडला, तर गुडघा सरळ करताना बंध खाचेच्या छताला घासतो. पाय पूर्ण सरळ होत नाही आणि बंध झिजत जातो. अशा वेळी खाचेचे हाड थोडे कोरून जागा करतात. माझ्या मते हा शेवटचा उपाय असावा. आधी बोगद्याची जागा अचूक हवी. नडगीच्या माथ्याचा मागे झुकणारा उतारही पाहावा लागतो. तो १२ अंशांहून तीव्र असेल तर प्रत्येक पावलाला नडगी पुढे घसरू पाहते आणि नीट मापाच्या बंधावरही ताण येतो.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहेत. तपासणीला जाताना एमआरआयचा नुसता अहवाल नेऊ नये, फिल्म किंवा सीडीही न्यावी, कारण खाचेची रुंदी अहवालात बहुधा लिहिलेली नसते. शस्त्रक्रियेनंतर बंध कोणत्या कंडरेचा, किती मिमीचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. पुढे गुडघा पुन्हा उघडावा लागला तर नव्या सर्जनला जुन्या बोगद्याचे माप तिथेच सापडते.